भिंत नीट दिसली पाहिजे

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पालिकेचे इंजिनिअर दुसऱ्या मजल्यावरच्या आतल्या खोलीत शिरले. खिशातली बॅटरी काढून त्यांनी भिंतीवर वरपासून खालपर्यंत उजेड फिरवला आणि मागे वळून विचारलं, "तडा कुठे आहे?"

भिंतीला तडा नव्हता.

टोकनताईने आधी भिंतीकडे पाहिलं, मग खोली आपलीच आहे ना म्हणून इकडेतिकडे पाहिलं. खोली आपलीच होती. वडिलांची लोखंडी खाट होती, खाटेखाली रंगाचे जुने डबे होते. खुंटी तेवढी रिकामी होती, कारण खुंटीवरचा सदरा इस्त्री होऊन वडिलांच्या अंगात गेला होता. सकाळी ती कामाला निघाली तेव्हा याच भिंतीत छतापासून थेट उशापर्यंत भेग होती आणि तिच्यात तिच्या करंगळीचं पेर सहज जात होतं. आता तिथे फिकट पिवळी, जरा मळकी, बाकीच्या भिंतीसारखीच भिंत होती.

"अण्णा," ती म्हणाली.

अण्णा दाराशी उभे होते. त्यांच्या भुवईवर पांढरा ठिपका राहून गेला होता. साहेबांना तडा सापडत नाही, याचा त्यांना जो अर्थ लागायचा तो लागला. ते एक पाऊल पुढे आले.

"कुठे होता ते तुम्हीच ओळखून दाखवा, साहेब," ते म्हणाले.

इंजिनिअर हसले. जिना चढल्यापासून पहिल्यांदाच हसले. मालकाच्या वतीने हजर राहिलेला मुकादम अण्णांच्या खांद्यामागून डोकावत होता, तोही हसला.

*

तिला टोकनताई हे नाव डोळ्यांच्या दवाखान्यात मिळालं. सकाळी दार उघडलं की काउंटरवर बसून आकडे लिहिलेले प्लास्टिकचे बिल्ले वाटायचे, आणि मग दिवसभर "साहेब येतील, बसा," असं सांगायचं, हे तिचं काम. नवरा निघून गेल्यावर ती अण्णांकडे राहायला आली आणि तेव्हापासून हेच काम करत होती. दवाखान्यातली एक पेशंट त्यांच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर राहायची, शिवणकाम करणारी मावशी. तिच्या तोंडून ते नाव घरापर्यंत आलं आणि चिकटलं.

अण्णा रंगारी. आता काम थांबलं होतं, दम लागायचा. पण उभ्या आयुष्यात त्यांनी किती घरांच्या भिंती केल्या याची गणती नव्हती. ही इमारतसुद्धा दोनदा आतून-बाहेरून त्यांनीच रंगवली होती, थोरल्या मालकांच्या वेळी. या दोन खोल्या थोरल्या मालकांच्या शब्दावर मिळालेल्या. थोरले मालक जाऊन बरीच वर्षं झाली, पण अण्णांच्या लेखी तो शब्द अजून हयात होता. जिन्यात धाकटे मालक भेटले की अण्णा बाजूला सरून वाट द्यायचे.

"घर त्यांचंय, आपण राहतोय," हे त्यांचं म्हणणं.

"फुकट राहतोय का?" टोकनताई म्हणायची.

"तसं नाही गं. पण माणसाने ओळख ठेवावी."

तळमजल्यावरचे भाडेकरू एकेक करून गेले तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. मग कळलं की खाली एकच मोठं दुकान होणार आहे. दुकानाला मधल्या भिंती नको होत्या. त्या पाडून लोखंडी टेकू लावले गेले. त्याच भिंतींच्या डोक्यावर वरच्या मजल्यांच्या भिंती उभ्या आहेत, ही गोष्ट खाली कुणाला सांगावीशी वाटली नाही. वर ती आपोआप कळली. आधी फळीवरची भांडी वाजायला लागली. मग खिडकीची काच तिरकी तडकली. मग अण्णांच्या खाटेवरच्या भिंतीत केसासारखी रेघ आली, आणि आठवड्याला थोडी थोडी रुंदावत गेली.

"माझी मशीन बंद असते तेव्हाही चालू असते हल्ली," शिवणवाली मावशी म्हणायची. तिच्याकडेही दोन भेगा होत्या. एकीवर तिने कापडाचा नमुना टांगला होता.

टोकनताई मुकादमाला विचारायला गेली तेव्हा त्याने पान खात उत्तर दिलं, "ताई, घर आहे, हलणारच. माणूस नाही का कूस बदलत?"

"कूस बदलताना माणूस खाटेवरून पडतो कधीकधी."

"तुम्ही लई पुढचा विचार करता बुवा. काम संपलं की सगळ्या भिंती करून देणार आहोत. मालकांनी सांगितलंय."

मालकांना तिने फोन केला. एकदा ते मीटिंगमध्ये होते. एकदा गावाला होते. तिसऱ्यांदा म्हणाले, "एवढी भीती वाटत असेल तर काही दिवस दुसरीकडे राहा की. मी कुठे अडवलंय?"

"आणि परत आल्यावर कुलूप आमचंच असेल ना?"

त्यावर ते म्हणाले की आवाज नीट येत नाही.

ती भाडेकरू संघात गेली. संघ म्हणजे वाचनालयाच्या मागची एक खोली. शनिवारी तिथे एक निवृत्त वकील बसायचे. सगळे त्यांना वकीलकाका म्हणत. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मोबाइलमधले फोटो चष्मा वर करून बघितले आणि म्हणाले, "हे बघ, घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम. त्याने खाली काय करायचं ते करावं, पण तुमच्या डोक्यावरची भिंत धोक्यात आली तर काम थांबवून आधी ती सावरून द्यावी लागते. हा तुमचा हक्क आहे, उपकार नाहीत. पण सगळं पाहणीवर अडतं. पालिकेच्या माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी बघून लिहिलं पाहिजे. त्यांनी लिहिलं की काम त्याच दिवशी थांबवता येतं."

"तोवर?"

"तोवर घर सोडायचं नाही, भाडं अडवायचं नाही आणि भिंतीला हात लावायचा नाही. जशी आहे तशी राहू दे."

अर्ज केल्याचं तिने अण्णांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अण्णा काठी घेऊन मालकांकडे गेले असते आणि "पोरीचं मनावर घेऊ नका," म्हणून आले असते. पाहणी होऊ दे, काम थांबू दे, मग सांगू, असं तिने ठरवलं. रात्री मात्र तिने दोनदा त्यांची खाट बाहेरच्या खोलीत ओढली. दोन्ही वेळा अण्णांनी ती सकाळी परत नेली. तिथे वारा येतो म्हणाले.

मधे महिना गेला. पालिकेत ती जायची तेव्हा काउंटरवरची बाई म्हणायची, "साहेब येतील, बसा." टोकनताई बसायची. तो सूर तिच्या ओळखीचा होता.

आणि मग आज सकाळी, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसताना, पालिकेतून फोन आला. आज चारला पाहणी. घरी कुणीतरी हवं. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, रांगेतल्या आजोबांना हाताने थांबवलं आणि अण्णांना फोन लावला.

"अण्णा, आज चारला एक साहेब येतायत घर बघायला."

"कोण साहेब?"

"आल्यावर सांगते. तुम्ही एवढंच करा, आतल्या खोलीतलं कपाट पुढे ओढून ठेवा. मावशीला बोलवा हाताला, एकट्याने ओढू नका. भिंत नीट दिसली पाहिजे."

"भिंत?"

"हो, खाटेवरची. भिंत नीट दिसली पाहिजे, कळलं ना?"

"कळलं की. तू अजिबात काळजी करू नकोस."

तिने फोन ठेवला. मागे डॉक्टरांच्या खोलीत कुणीतरी अक्षरांच्या तक्त्यासमोर बसलं होतं, आणि "आता नीट दिसतंय? आता?" असं विचारलेलं ऐकू येत होतं. दिवसभर येतंच.

अण्णांनी फोन खाली ठेवला आणि सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. "भिंत नीट दिसली पाहिजे," हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं. लग्नघरात ऐकलं होतं, दुकानात ऐकलं होतं, मुलीला बघायला पाहुणे येणार म्हणून घाईने बोलावलेल्या घरांत ऐकलं होतं. त्या वाक्याचा एकच अर्थ त्यांना ठाऊक होता. साहेब बहुधा लेकीच्या दवाखान्यातले असणार, असं त्यांनी मावशीला सांगितलं. कपाट ओढायला मावशी वर आली होती.

"अहो अण्णा, आज कशाला उपद्व्याप?"

"चारपर्यंत सुकतं. पंखा लावू."

मावशी नंतर सांगत होती की इतकं मन लावून काम करताना तिने अण्णांना कितीतरी दिवसांनी पाहिलं. भेग आधी पत्र्याने खरवडून मोकळी केली. झटकन घट्ट व्हावं म्हणून पीओपी कालवून आतपर्यंत दाबून भरली, वरून लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, हात दिला, घासून सपाट केली. मग जुने डबे उघडले. नवा पिवळा रंग लावला असता तर पट्टा ओरडून सांगत राहिला असता. म्हणून त्यांनी त्यात थोडा मातकट मिसळला, एक थेंब काळा टाकला, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लावून, वाळवून, भिंतीला धरून बघितलं. पुन्हा मिसळला. भिंतीचं वय रंगात आलं तेव्हा कुठे कुंचला उचलला. मधे दोनदा खाली बसून त्यांनी दम घेतला. मावशीने चहा दिला तो तसाच राहिला.

टोकनताई फाटकावर इंजिनिअरांची वाट बघत उभी राहिली, म्हणून आधी वर गेली नाही. जिन्यात तिला ओल्या रंगाचा वास आला होता. पण त्या जिन्यात हल्ली सगळेच वास येत.

*

"साहेब, हे आज भरलंय," ती म्हणाली. "सकाळपर्यंत इथे भेग होती. हे बघा फोटो."

इंजिनिअरांनी फोटो बघितले. माणूस वाईट नव्हता. एकेक फोटो मोठा करून बघितला.

"ताई, फोटो भिंतीचा आहे. कुठल्या भिंतीचा ते फोटोत लिहिलेलं नसतं."

"उशी बघा की. हीच उशी आहे."

"उशा सगळ्यांकडे असतात."

"मग वाजवून बघा."

त्यांनी बोटाच्या पेराने भिंत वाजवली. वर, मध्ये, खाली. भरीव आवाज आला.

"पोकळ वाजायची नाही," अण्णा म्हणाले. "आतपर्यंत भरलीय. वरवरचं काम आपण करत नाही, साहेब."

"अण्णांच्या हाताला तोड नाही," मुकादम म्हणाला. "आमच्या थोरल्या मालकांपासूनचे आहेत."

तेव्हा अण्णांनी लेकीकडे पाहिलं. तिने चेहरा आवरला होता, पण तिला वाढवलं ते त्यांनीच. त्यांनी इंजिनिअरांच्या गळ्यातलं पालिकेचं ओळखपत्र पाहिलं, मुकादमाचं तोंड पाहिलं, भिंत पाहिली. कुणी काही समजावून सांगायची गरज राहिली नाही.

"काढतो," ते म्हणाले. "आत्ता काढतो. ओलं आहे अजून." ते खाली वाकले आणि डब्यांमध्ये पत्रा शोधू लागले. डबे गडगडले. पत्रा मिळाला तसे ते भिंतीकडे वळले.

"आजोबा, थांबा," इंजिनिअर म्हणाले. "माझ्यासमोर भिंत फोडू नका. मग भाडेकरूने भिंतीचं नुकसान केलं, असं लिहावं लागेल मला."

"अहो पण आत आहे ना ती!"

"आत काय आहे ते मला दिसत नाही. जे दिसतं ते मी लिहितो."

आणि त्यांनी लिहिलं. भेग दुरुस्त केलेली आढळली, सध्या धोका दिसत नाही. टोकनताईने सही करायला नकार दिला. त्यांनी तेही लिहिलं. मुकादमाने लगेच सही केली, वळणदार.

मावशीकडच्या दोन भेगा, तळमजल्यावरचे टेकू, ते तरी बघा, असं ती म्हणाली. मावशीच्या खोलीसाठी मावशीचा अर्ज लागतो, आणि तळमजल्याच्या कामाची तपासणी हा वेगळा विषय आणि वेगळा विभाग, असं उत्तर आलं. जिन्यापर्यंत ती त्यांच्या मागे गेली. मुकादम पुढे उतरून गेल्यावर इंजिनिअर आवाज खाली आणून म्हणाले, "पुन्हा अर्ज करा. भेग परत आली की लगेच करा. मी येईन."

"आणि भेग न येता नुसती भिंतच अंगावर आली तर?"

इंजिनिअरांनी कठड्यावर ठेवलेला हात उचलला, त्याला लागलेली धूळ बघितली, हात रुमालाला पुसला. मग ते उतरून गेले.

ती वर आली तेव्हा अण्णा खाटेवर बसले होते. पत्रा मांडीवर होता.

"मला सांगायचं होतंस, पोरी."

"तुम्ही मालकांकडे गेला असतात."

"गेलो असतो," अण्णा म्हणाले. मग पत्रा खाली ठेवून म्हणाले, "तू म्हणालीस भिंत नीट दिसली पाहिजे."

"हो. मीच म्हणाले."

तिला रागवायचं होतं. राग आतून वर आलाही, पण समोर भुवईवर पांढरा ठिपका घेऊन बसलेला माणूस होता. तिने पदराचं टोक ओलं केलं आणि तो ठिपका पुसला. सुकलेला असल्यामुळे लवकर निघेना. तोवर खाली काम पुन्हा सुरू झालं होतं. फळीवरची भांडी वाजत होती.

*

वकीलकाकांनी ऐकून चष्मा काढला. "दुरुस्ती कोणी केली?" त्यांनी विचारलं.

"आम्हीच."

"मालक आता म्हणेल, मी केली. आणि उद्या तिथे काही झालं तर म्हणेल, भाडेकरूने विनापरवाना केली." ते हसले, पण त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. "दुसरा अर्ज देऊ. पण त्याला नवीन काहीतरी दाखवावं लागेल. नवा तडा हवा."

नवा तडा हवा, हे तिने घरी येऊन अण्णांना सांगितलं. आता त्यांच्यापासून काहीच लपवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

दोन दिवसांनी मुकादम वर आला. हातात रंगाचा नवा, बंद डबा होता.

"अण्णा, मालकांनी आठवण काढलीय. पहिल्या मजल्यावर दोन-तीन बारीक भेगा आहेत, वर तिसऱ्यावर आहेत. पालिकेचं काही सांगता येत नाही, कधी कुणाकडे येतील. तुमचा हात लागला की प्रश्न मिटला. पैसे रोख, जे मागाल ते."

अण्णांनी डब्याकडे बघितलं. कामाला कधी कोणी बोलावलं आणि ते गेले नाहीत, असं झालं नव्हतं. तापात गेले होते. बायको गेली त्या महिन्यातही गेले होते.

"हात दुखतो," ते म्हणाले.

"परवा तर नव्हता दुखत."

"परवापासूनच दुखतो."

"विचार करा. डबा ठेवून जातो."

"डबा घेऊन जा," अण्णा म्हणाले. मुकादम तो उंबऱ्याबाहेर ठेवून गेला. डबा तिथेच आहे. येता-जाता ओलांडावा लागतो.

खाट आता बाहेरच्या खोलीत आहे आणि अण्णा ती परत नेत नाहीत. पण सकाळी उठले की ते आतल्या खोलीत जातात, भिंतीसमोर स्टूल घेऊन बसतात आणि तळहात वरपासून खालपर्यंत हळूच फिरवतात. भरलेली भेग पुन्हा उघडली तर रंगाऱ्याची लाज जाते. आयुष्यभर ते त्या एका गोष्टीला घाबरले. आता ते तिचीच वाट बघत बसतात.

"आली का काही?" ती बाहेरून विचारते.

"नाही गं," अण्णा अपराध्यासारखे म्हणतात. "पक्की बसलीय."

खालच्या कामात टेकू हलवले तेव्हापासून आतल्या खोलीचं दार चौकटीत बसत नाही. वरच्या कोपऱ्यात अडतं आणि खाली वीतभर फट राहते. रविवारी टोकनताईने त्याचा फोटो काढायला मोबाइल उचलला आणि मग खाली केला.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"कुठल्या घराचं दार ते फोटोत लिहिलेलं नसतं."

अण्णा उठले. खुंटीवरचा सदरा अंगात घातला, सगळी बटणं लावली, आणि न लागणाऱ्या दाराशी जाऊन उभे राहिले, एक हात चौकटीवर ठेवून.

"नीट दिसतंय का?"

"दिसतंय."

"मी नाही गं. फट."

"तीही दिसतेय, अण्णा. हलू नका."

फोटो अर्जासोबत सोमवारी दिला. पोच मिळाली आहे. पाहणीची तारीख अजून आलेली नाही.